निम्मं माप

बहात्तरच्या दुष्काळात पाथर्डीकडे रस्त्यासाठी खडी फोडायचं सरकारी काम निघालं. आमच्या अपंगांच्या मंडळात माणसं मूठभर, त्यात धडधाकट मी एकटी. त्यामुळे भांडायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मला छान जमायचं.

"खडी बसूनच फोडतात ना? मग पाय लुळे असले म्हणून काय बिघडलं?" असं म्हणत मी कचेरीचे उंबरे झिजवले. शेवटी साहेब वैतागले आणि आमची वेगळी टोळी मंजूर झाली. इतरांच्या निम्मी खडी फोडायची, मजुरी पुरी. परतताना एसटीत मी एकटीच हसत होते.

टोळीत पोलिओने दोन्ही पाय गेलेली एक तरुण मुलगी होती. घरचे ऊसतोडीला गेले की दरवर्षी ती मागे राहायची आणि शेजाऱ्यांनी दिलेल्या भाकरतुकड्यावर जगायची. आता पहिल्यांदाच ती स्वतःच्या कष्टाचं खाणार होती. हाताला फोड आले तरी तिची हातोडी थांबत नसे.

आठवड्याने साहेब ढीग मोजायला आले. "बाई, तुमच्या माणसांनी तर पुरी खडी फोडलीय! मग सवलत कशाला? सोमवारपासून सगळ्यांना एकच माप."

मी चक्रावले. शेजारच्या टोळीतल्या बाया मात्र खाली मान घालून उभ्या होत्या. त्यातल्या एकीने हळूच माझ्या कानात सांगितलं: रोज घरी जाताना त्यांनी आपापली घमेलीभर खडी आमच्या ढिगावर ओतली होती. निम्म्याचं त्यांना ठाऊक होतं, पण सरकारी शब्दावर विश्वास नव्हता. ढीग लहान दिसला तर या पोरांना हाकलतील, असं त्यांना वाटलं होतं.

मी तोंड उघडणार, तोच त्या मुलीने माझा पदर ओढला. "बोलू नका बाई. त्यांची मजुरी कापत्याल."

इतका राग मला आयुष्यात कधी आला नसेल, आणि तो ज्याच्यावर काढावा असं समोर कुणीच नव्हतं.

पुरं माप आमच्या माणसांना झेपलं नाही. टोळी मोडली. पुन्हा अर्ज करू म्हणून मी त्या मुलीच्या घरी गेले, तर ती दारातच बसली होती.

"कुनाकुनाशी भांडाल बाई?" ती म्हणाली. "त्याच बाया आता येता-जाता मला चतकोर भाकर देत्यात. न्हाई म्हनता येत न्हाई, आन गिळवत बी न्हाई."