वासाला कुठं आग लागते?

आईच्या हाताला वर्षभर थिनरचा वास येतो. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच आयांना येतो. शिरवणे गावाजवळच्या एका गाळ्यात स्टिकर छापतात, तिथं ती कामाला आहे. छपाई झाली की जाळीवरची शाई थिनरनं पुसायची, यंत्र थिनरनं पुसायचं आणि शेवटी स्वतःचे हातही थिनरनंच पुसायचे, कारण साबणाला ती शाई दाद देत नाही. शाईबरोबर कातडीतलं तेलही निघून जातं, म्हणून आईच्या बोटांना भर मे महिन्यात भेगा असतात. दुपारी एखादीचं डोकं गरगरलं की बाकीच्या म्हणतात, "हिला चढली." मग ती बाहेर पायरीवर बसते, पाणी पिते आणि परत आत जाते. फुकटची दारू, असं आई घरी हसून सांगते. बाबा मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलतात. त्यांना हा विनोद आवडत नाही.

घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, विषय रसायनशास्त्र. त्यामुळे माझ्याकडून नक्की काय अपेक्षा आहे, हे मला अजून कळलेलं नाही. मामानं एकदा उंदरांवर कुठलं औषध चांगलं ते विचारलं. आईनं दुधात पाणी किती आहे ते. दोन्ही वेळा मी "बघून सांगते" म्हटलं आणि बघितलं नाही.

यंदा खंडेनवमीला गाळ्यातल्या यंत्रांची आरती आईच्या हातून होणार होती. एरवी ती शेठच्या बायकोची, पण तिचे गुडघे धरले होते. शेठनं आईला सांगितलं, "ताई, तुम्ही सगळ्यात जुन्या. या वर्षी तुम्ही करा." आईनं हे घरी चार-पाच वेळा तरी सांगितलं, दर वेळी काहीतरी वेगळं सांगतेय अशा आवाजात. ठेवणीतली साडी काढली. मला म्हणाली, "तू बी चल. बघू देत तुला सगळी."

गाळ्यात शिरले आणि माझे डोळे चुरचुरले. पूजेसाठी सकाळपासून साफसफाई चालली होती आणि तिथं साफसफाई म्हणजे थिनर. यंत्रं थिनरनं चकचकीत केलेली, टेबलं थिनरनं पुसलेली, फरशीवरचे जुने डागसुद्धा थिनर ओतून घासलेले. भिजलेल्या चिंध्यांची बादली कोपऱ्यात. थिनरच्या पिंपाला झेंडूची माळ आणि हळदकुंकू, आणि हात जायला सोपं म्हणून पिंपाचं झाकण उघडं. आग विझवायचं लाल नळकांडंही माळ घालून देवासारखं उभं. दिव्याला वारा लागू नये म्हणून पंखे बंद केलेले, शटर अर्ध्यावर ओढलेलं. आणि वास फार येतोय म्हणून एक बाई उदबत्तीचा पुडा फोडत होती.

म्हणजे वर्षात ज्या दिवशी गाळ्यात सगळ्यात जास्त थिनर हवेत असतं, त्याच दिवशी दारं-पंखे बंद करून जमिनीवर दिवा लावायचा. ही सोय कुणी मुद्दाम ठरवून केली असती तर इतकी जमली नसती.

मी आईला हळूच म्हटलं, "आई, इथं काडी ओढू नका."

"का?"

"थिनरची वाफ भरलीय."

हे शेजारच्या मावशींनी ऐकलं. त्या शिरवण्याच्याच, जुन्या गाववाल्या. अख्खा गाळा त्यांना मावशी म्हणतो आणि शेठही त्यांना टरकून असतो. त्या पिंपावर हात ठेवून म्हणाल्या, "वाफ? आगो, पिंप थंडगार हाय. भात शिजतोय काय त्यान?"

बायका हसल्या. मी म्हटलं, "थंड असलं तरी उडतं ते. हवेपेक्षा जड असतं, म्हणून खाली फरशीवर पसरतं. दिसत नाही. दिवा खालीच आहे ना, तर..."

"दिसत नाय, मंग तुला कसा दिसला?"

"वास येतोय की."

"वासाला कुठं आग लागते गो? मंग आमच्या सुक्या बोंबलाच्या वासान अख्खा गाव जलायला पायजे व्हता."

आता तर शेठही हसला. मी घाईघाईनं पुस्तकातला शब्द काढला, "बाष्प." त्यानं आणखी वाट लागली. एक जण म्हणाली, "बाष्प डोळ्यात येतं ना? रडतीय होय ही?" मी खरंच रडायच्या बेतात होते. कॉलेजच्या लॅबमध्ये बर्नर पेटवायचा असेल तर मॅडम स्पिरिटची बाटली टेबलावरही ठेवू देत नाहीत. हे मला पक्कं माहीत होतं. पण तिथं मराठीतला एकही शब्द माझ्या बाजूनं उभा राहत नव्हता.

आईचा चेहरा पडला होता. हातात ताट, ताटात न पेटवलेलं निरांजन. ती दात आवळून म्हणाली, "गप बस की. माझ्याच टायमाला सुचलं का तुला हे?"

तिचं चूक नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला कुणीतरी पुढं उभं केलं होतं आणि तिच्याच शिकलेल्या लेकीनं पाय ओढला होता.

शेठ घड्याळ बघून म्हणाला, "चला चला, टेन्शन नको. मुहूर्त जाईल." उदबत्तीवालीनं काडेपेटी उघडली.

आणि मी ओरडले, "गॅस सुटलाय!"

असं ओरडायचं मी ठरवलं नव्हतं. पण हे दोन शब्द कुठल्याही बाईला समजावून सांगावे लागत नाहीत. उदबत्तीवालीच्या हातातून काडेपेटी गळून पडली. बायका वाकून शटरखालून बाहेर पळाल्या. शेठ एक्झॉस्टचं बटण दाबायला धावला, तेवढ्यात मावशींनी त्याच्या हातावर अशी चापट मारली की आवाज बाहेर ऐकू आला. "ग्यास सुटलाय नि बटन दाबतंस? मरशील नि आमाला पन मारशील! शटर उघड आधी!"

शटर उघडलं. सगळे रस्त्यावर. शेठ हात चोळत म्हणाला, "पण आपल्याकडे सिलेंडर कुठं आहे?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ते पिंपच सिलेंडर समजा. झाकण उघडं आहे आणि सकाळपासून तुम्ही त्यातला गॅस फरशीवर ओतताय."

मग मावशी म्हणाल्या, "मंग असा बोल ना भवाने. मगासपासून वाफ वाफ करतंस."

पिंपाला झाकण लागलं, चिंध्यांची बादलीही झाकून मागच्या मोकळ्या जागेत गेली. पण मुहूर्त होताच, म्हणून मी म्हटलं, पूजा बाहेरच करू. शेठनं विचारलं, यंत्रं बाहेर कशी आणायची? शेवटी शाई ओढायची रबराची पट्टी यंत्रांच्या वतीनं बाहेर आली. गाळ्यापासून चांगली लांब, समोरच्या वेल्डिंगवाल्याच्या ओट्यावर पाट मांडून पट्टीला त्यावर बसवलं. वेल्डिंगवाल्याला मी आधी हातातलं काम थांबवायला लावलं. तो बिचारा पूजा आहे म्हणून थांबला, मी ठिणग्यांमुळे सांगत होते.

आई काडी ओढणार तोच मी म्हटलं, "आई, हात धू. साबणानं. थिनर लागलंय."

"आता अंघोळ बी घालतीस का हितंच?" ती म्हणाली. पण धुतले.

वाऱ्यानं निरांजन सारखं विझत होतं. बायका गोल करून उभ्या राहिल्या, तेव्हा कुठं ज्योत टिकली. रस्त्यानं जाणारे रिक्षावाले थांबले, शेजारच्या गाळ्यांतली पोरं आली, वॉचमननं चप्पल काढून हात जोडले. आई आधी पुटपुटत होती. दुसऱ्या कडव्याला तिचा आवाज चढला. एक कडवं ती विसरली, तरी तिनं मोठ्यानंच पुढचं धरलं.

घरी जाताना आई पुढं पुढं चालत होती. त्या दिवशी गाळा जळला असता का, हे मलाही सांगता येणार नाही. कदाचित काहीच झालं नसतं. काही न झाल्याचा पुरावा कुठून आणायचा? माफी मागावी की नाही, ते माझं ठरत नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "आई, चिडलीस?"

ती म्हणाली, "पुढच्या वर्षी बी भाईरच करूया म्हणून सांगते शेठला."

मला बरं वाटलं. म्हटलं, "हो ना, धोका नको."

"धोक्याचं मला काय सांगू नको," आई म्हणाली. "आत केली असती तर बघाय कोण होतं? त्याच सहा बाया."