मखराचा पाचवा गोळा

माझा आवाज मोठा आहे. सुना म्हणतात, "आई, जरा हळू, खालच्या मजल्यावर ऐकू जातं." जाऊ दे की! एके काळी मी फार हळू बोलायचे. त्या हळू बोलण्याचं काय झालं ते मलाच ठाऊक.

लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आमचे हे गिरणीत, आणि सासरे कातारी, सावंतवाडीकडचे. लाकूड फिरवून त्यातून करंडे, खुळखुळे, पाळण्यावरच्या चिमण्या काढायचे. गॅलरीच्या टोकाला त्यांचा चरक होता. दोन खुंट, मध्ये फिरणारा दांडा आणि दांड्याला वेढे दिलेली दोरी. एकानं समोर बसून दोरी ओढायची, दुसऱ्यानं हत्यार धरायचं. दोरी माझ्या सासूबाई ओढायच्या.

मी आले त्याच वर्षी त्या अंथरुणाला खिळल्या. एक दिवस मला जवळ बसवून म्हणाल्या, "आतून पोखरताना आवाज पातळ झालो, की दोरी सैल सोड."

"का हो?"

"सोड म्हटला मां!"

मला वाटलं, असेल धंद्याची रीत. पंधरा दिवसांत त्या गेल्या आणि दोरी माझ्या हातात आली.

पोखरायचं काम मोठं अवघड. शिवणीच्या लाकडाचा गोळा, त्याला बोटभर भोक, त्यातून वाकडं हत्यार आत घालायचं. आत काय चाललंय ते दिसत नाही, नुसतं ऐकायचं. आधी आवाज भरीव येतो, आणि लाकूड पापडाएवढं उरलं की किणकिण लागते. किणकिण लागली की मी दोरी सैल सोडायची. गोळा थांबायचा, मामंजी हत्यार बाहेर काढायचे, नखानं टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "झालोच." जसं काही सगळं त्यांनाच कळलं होतं! मला मनात हसू यायचं, थोडा रागही यायचा.

राग यायला कारणही होतं. मामंजी माझ्याशी बोलायचेच नाहीत. मी डोक्यावर पदर घेऊन, खाली मान घालून विचारायचे, "चहा ठेवू?" उत्तर नाही. "पान वाढलंय." उत्तर नाही. सासऱ्यासमोर सुनेनं आवाज चढवायचा नाही, हे मला आईनं पढवून पाठवलेलं. मग पुन्हा कोण विचारतंय? मी समजले, आपण काळीसावळी, हुंडा न आणलेली पोर, आपल्याला मामंजी हिशेबात धरत नाहीत.

त्या पावसाळ्यात ठाकूरद्वारच्या एका वाडीतून काम आलं. गणपतीच्या मखराला टांगायला पाच पोकळ गोळे. चार कोपऱ्यांना चार आणि मूर्तीच्या डोक्यावर पाचवा, नारळाएवढा. मखर कामट्यांचं आणि कागदाचं, म्हणून गोळे हलके हवेत. मामंजी चाळीत सगळ्यांना सांगत सुटले. अशी कारागिरी मागणारं गिऱ्हाईक आता राहिलं नाही, हे पाच गोळे बघून गिरगावातली आणखी चार घरं येतील, म्हणायचे. चार गोळे तर फुलासारखे उतरले.

त्याच आठवड्यात संयुक्त महाराष्ट्रासाठी चाळीतल्या बायकांचा मोर्चा ठरला. समोरच्या खोलीतली वहिनी म्हणाली, "तू येतेस ना गं? घोषणा द्यायच्या!" माझा जीव नुसता उसळला. गावाहून आल्यापासून मी नळ आणि गॅलरी सोडून काय पाहिलं होतं? ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, "बाबांना विचार." विचारलं. सकाळी विचारलं, दुपारी विचारलं, रात्री ताट उचलताना विचारलं, "मामंजी, मी उद्या बायकांबरोबर जाऊ?" तीनदा! त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही. उठले, हात धुतले आणि झोपले. मी मोरीत भांडी आपटून घेतली.

दुसऱ्या दिवशी बायका घोषणा देत जिना उतरल्या. अख्खी चाळ दणाणली. मामंजी गॅलरीतून वाकून बघत होते. मग वळून म्हणाले, "दोरी घे गो." पाचवा गोळा चरकावर चढलेला.

मी दोरी घेतली. डोळ्यांत पाणी, ओठ घट्ट मिटलेले. तासाभरानं आवाज बदलायला लागला. मग किणकिण. माझे हात सवयीनं सैल पडत होते, ते मी आवळले. म्हटलं, एवढे मोठे कारागीर ना? कळेल त्यांचं त्यांना. मी कशाला सांगू? ओढत राहिले. खरं सांगते, ओढताना मला बरं वाटत होतं.

फट्कन गोळा फुटला. अर्धा माझ्या पायाशी येऊन पडला.

मामंजींनी तो तुकडा उचलला. पुन्हा पुन्हा टिचकी मारत होते, कानाशी नेत होते. मग माझ्याकडे बघून अगदी साधेपणानं म्हणाले, "दोरी सैल झाली नाय, म्हणान माका वाटला, अजून जाड आसा."

सासूबाईंनी दोरी सैल सोडायला का सांगितलं होतं, ते तेव्हा उमगलं. ह्या माणसाला बारीक आवाज, हळू बोलणं ऐकूच येत नव्हतं. चहा नाही, पान नाही, माझे तीन वेळचे प्रश्न नाहीत, काही म्हणजे काही नाही. आणि वर त्यांनीच विचारलं, "सगळ्यो बायको गेल्यो, तू कित्या गेलंस नाय गो?"

"माझं चुकलं मामंजी," मी म्हणाले. पण कसं म्हणाले? पदराआडून, खाली मान घालून, रोजच्याच आवाजात. ते अंगठ्यानं तुकड्याची कड चाचपत राहिले.

वाडीतला माणूस आला त्याला त्यांनी चार गोळे दिले आणि म्हणाले, "माझो हात गेलो आता. दुसरो कातारी बघा." मी दाराआड उभी होते. बाहेर येऊन मोठ्यानं सांगायला हवं होतं, की हात शाबूत आहे, दोरी मी मुद्दाम आवळली. नाही सांगितलं. सून ओरडली तर चाळ जमेल, त्यांचं बहिरेपण चव्हाट्यावर येईल, असं मनाला समजावलं. खोटं होतं ते. भ्याले होते मी. त्यांनी चरकाची दोरी सोडून माझ्याकडे दिली, कपडे वाळत घालायला. तिच्यावर मी कितीतरी वर्षं धुणं वाळत घातलं.

महाराष्ट्र झाला तेव्हा ते अंथरुणावर होते. खाली पेढे वाटत होते, चाळीवर दिवे लागले होते. मला राहवलं नाही. पदर सावरायचं भान न ठेवता मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडले, "मामंजी, महाराष्ट्र झाला! मुंबईसकट!"

ते हसले. "ऐकलंय गो. बोंबालतंस कित्याक?"

ऐकलं होतं त्यांनी. तोंड अजून त्यांच्या कानाशीच होतं. दुसरं वाक्य ओठांवर आलं होतं, त्या दोरीचं, चारच शब्दांचं. मी पेढ्याचा तुकडा त्यांच्या तोंडात घातला आणि मोठ्यानं विचारलं, "पाणी देऊ?"