सासूबाईंनी पाहिलेलं मस्कतचं घर

या सदरात लोक लिहितात ते अनुभव मी वाचते, पण खरं सांगायचं तर निम्मे मी हसूनच सोडून देते. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. वर्गात कुणी भुताचं नाव काढलं तर त्याला उभं करून 'पुरावा दे' म्हणणारी बाई मी. त्यामुळे हे लिहायला बसले तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, आता तुलाच कुणीतरी पुरावा मागेल." मागू दे. जे आहे ते सांगते.

गोष्ट १९८९ सालची. आम्ही तेव्हा भिवंडीत कासार आळीच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. भिंतीला लागूनच यंत्रमागाचं शेड... दिवसरात्र खटखट. सवय अशी झाली होती की शुक्रवारी माग बंद असले की उलट कान सुन्न व्हायचे. घरात मी, सात वर्षांची मनीषा, तीन वर्षांचा राजू आणि माझ्या सासूबाई. हे — म्हणजे माझे मिस्टर — इलेक्ट्रिकल सुपरवायझर म्हणून दोन वर्षांपूर्वी मस्कतला गेले होते. तिथं एका खोलीत सहा जण राहायचे.

सासूबाई भिवंडीजवळच्या कोन गावच्या. शाळा कधी पाहिली नाही. सासरे लवकर गेले, मग माग चालवणाऱ्यांकडे सूत गुंडाळायचं काम करून त्यांनी ह्यांना शिकवलं. गुडघ्यापर्यंतचं नऊवारी लुगडं, हनुवटीवर गोंदण, आणि बोलणं पार गावचं — हाय, न्हाय. हिंदीसुद्धा त्याच चालीवर. मी शहरातली, कारकुनाची मुलगी. आमचं भांडण असं नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. त्या मला "मास्तरीन" म्हणायच्या, त्यात कौतुक किती आणि टोमणा किती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या वर्षीच्या सुट्टीत हे घरी आले तेव्हा राजू त्यांच्याकडे जाईना. माझ्या मागे लपून म्हणाला, "हे काका कधी जाणार?"  त्या रात्री हे जेवले नाहीत. परत जाताना म्हणाले, "काहीही करून तुम्हाला तिकडे नेतो." कंपनी फॅमिली व्हिसाला तयार होती. अट एकच — आधी तिथं घर भाड्यानं घेऊन करारपत्र दाखवायचं. आणि तेही शाळा सुरू व्हायच्या आत, नाहीतर मनीषाचं वर्ष बुडणार.

झालं, ह्यांची घरशोधणी सुरू झाली. तिथं सुट्टी शुक्रवारी. दर शुक्रवारी हे पायी फिरून घरं बघायचे आणि मला पत्रातून वर्णन कळवायचे. एका घराला पाणी नाही, एका घरमालकाला लहान मुलं नकोत, एका ठिकाणी खाली रात्रभर गॅरेज चालतं... अशी अकरा-बारा घरं झाली. शेवटी एका पत्रात दोन घरं नक्की करून विचारलं होतं. एक मस्कतच्या रुवी भागात, ऑफिसजवळ. तिसरा मजला, लिफ्ट नाही, एकच बेडरूम, पण बाहेर छान गॅलरी. दुसरं लांब, पण दोन बेडरूमचं. पुढे लिहिलं होतं, 'दुसरं घेतलं तर पुढेमागे आईला आणता येईल. तुझं मत कळव.'

पत्रं मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवायची. ते शेवटचं वाक्य मी गाळलं.

हो, गाळलं. इतक्या वर्षांनी लपवून काय करू? मला वाटलं, जन्मात एकदा स्वतःचं घर मांडायला मिळतंय, तिथं तरी माझं मी राहीन. ह्यांना लिहिलं, 'रुवीतलं घ्या. एक बेडरूम पुरे. मुलांना गॅलरी बरी.' सासूबाईंची सोय धाकट्या दिरांकडे, कोनला, अशी मनातल्या मनात लावूनही टाकली.

पत्र वाचून झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "घर नीट बघून घेतलंय ना पोरानं?"

"घेतलंय हो आई. ते काय लहान आहेत?"

"त्यो वायरी बघील. घर न्हाय बघायचा."

मी हसून विषय बदलला.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी, एका शुक्रवारी सकाळी घडलेली ही गोष्ट. माग बंद, सगळीकडे शांत. माझी शाळा दुपारची. मनीषा शाळेत, राजू शेजारच्या अमीनाभाभींकडे खेळत होता. साडेदहा वाजले असतील. सासूबाई दारापाशी पाटावर बसून मेथी निवडत होत्या. मी आतून विचारलं, "आई, झाली का मेथी?" उत्तर नाही. परत विचारलं. नाहीच. बाहेर येऊन बघते तर हातात काडी तशीच धरलेली, डोळे उघडे, नजर समोरच्या भिंतीवर... पण ते बघणं नव्हतं. खांदा हलवला, नाव घेतलं, गालाला हात लावला. अंग गरम होतं, श्वास चालू होता. पण बाई जागेवर नव्हती, असंच म्हणावं लागेल.

मला वाटलं, पॅरालिसिसचा झटका. ओरडून अमीनाभाभींना बोलावलं. त्या तशाच धावत नाक्यावरच्या डॉक्टरांना आणायला गेल्या. मी सासूबाईंना धरून बसले. वीस मिनिटं तरी गेली असतील. डॉक्टर दारात यायला आणि सासूबाईंनी मोठा श्वास सोडायला एकच गाठ पडली. गुडघ्यावर हात दाबत म्हणाल्या, "किती जिनं व्हतं गो... पानी दे."

तांब्याभर पाणी एका दमात प्यायल्या. डॉक्टरांनी तपासलं. हात वाकडा नाही, तोंड वाकडं नाही, ब्लडप्रेशर ठीक. फक्त नाडी जोरात.

"आजी, आत्ता कुठून चालून आलात का?"

"न्हाय बा. मेथी निवडतंय."

"आई, जिने कुठले म्हणालात?" मी विचारलं.

"कवा म्हनलं?" असं म्हणून त्या पाटावरच आडव्या झाल्या आणि दुपारभर गाढ झोपल्या. मी त्या दिवशी शाळेत गेले नाही, किरकोळ रजेचा अर्ज पाठवला. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे तारीख ताडून बघायची वेळ आली तेव्हा त्या रजेचाच आधार मिळाला.

बारा दिवसांनी ह्यांचं पत्र आलं. ते शाळेच्या पत्त्यावर यायचं, म्हणून स्टाफरूममध्ये उघडलं. ह्यांचं अक्षर एरवी टाइप केल्यासारखं. त्या दिवशी वेडंवाकडं होतं. पत्र माझ्याकडे अजून आहे. मजकूर थोडक्यात असा —

त्या शुक्रवारी दुपारी हे रुवीतल्या घराचा करार करायला गेले. त्या बिल्डिंगचा राखणदार एक म्हातारा बलुची होता, करीमचाचा. ह्यांना बघून तो म्हणाला, "आपकी फॅमिली आ गई? बताया नहीं."

"नहीं चाचा, अभी कहाँ?"

"तो अम्मा अकेली आई हैं?"

ह्यांना वाटलं, दुसऱ्या कुणाबद्दल बोलतोय. तर चाचा सांगायला लागला. सकाळी नऊ-सव्वानऊला तो गाड्या धूत असताना एक म्हातारी बाई आली. हिरवी साडी, गुडघ्यापर्यंत, मागे खोचलेली. हनुवटीवर हिरवे ठिपके. पायात चप्पल नाही. मोडक्या हिंदीत म्हणाली, माझ्या मुलाला दाखवलं ते घर मला दाखव. चाचाचे हात साबणाचे, म्हणून त्यानं किल्ली तिच्या हातात दिली आणि तिसरा मजला सांगितला. ती गुडघा धरत धरत वर गेली. पंधरा मिनिटांनी खाली आली, किल्ली परत दिली आणि गॅलरीकडे बोट दाखवून दोन-तीनदा काहीतरी बजावलं. मग रस्त्यानं निघून गेली.

"क्या बोली?" ह्यांनी विचारलं.

"बोली, लोखंड हलता है, पोर पडल, पोर पडल." आणि मग चाचानंच ह्यांना विचारलं, "साहब, ये 'पोर' क्या होता है?"

ह्यांनी लिहिलं होतं, 'मी तिथंच पायरीवर बसलो. पोर म्हणजे काय ते मला त्याला सांगता येईना.'

मग हे वर गेले. या घरात आधी दोनदा येऊन त्यांनी मीटर, स्विचबोर्ड, वायरिंग, सगळं तपासलं होतं. गॅलरीच्या कठड्याला हात लावला नव्हता. वरून नवाकोरा रंग दिलेला. धरून हलवला, तर एका बाजूचे खालचे दोन्ही बोल्ट गंजून तुटलेले. जरा जोर दिल्यावर ती बाजू भिंतीतून सुटून बाहेर झुकली. तीन मजले खाली सिमेंटचं अंगण.

शेवटी विचारलं होतं, 'आई कशी आहे? ताबडतोब कळव.'

मी कॅलेंडर काढलं. तोच शुक्रवार. मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागे. आपले साडेदहा म्हणजे तिथले नऊ. आणि त्या दिवशी सासूबाईंच्या अंगावर हिरवं लुगडं होतं का... तर होतं. मी खांदा धरून हलवलं होतं, तो रंग माझ्या डोळ्यांसमोर होता.

त्या संध्याकाळी मी ते पत्र सगळं वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही. त्या शेंगा सोलत ऐकत होत्या. मी म्हटलं, "आई, तुम्ही गेला होतात?"

"मला कोन न्हेतंय इमानान?" त्या वैतागल्या. "गुडघा धड न्हाय माझा." मग शेंग सोलता सोलता, "कठडा नीट केला का त्यानं?"

"लिहिलंय ना, मालकाकडून नवीन बसवून घेतलाय. स्वतः उभं राहून."

"मंग झालं तर."

इतकंच. मला त्या रात्री झोप लागली नाही. ते घर नको, असं एकदा लिहायचं मनात आलं. पण शाळा सुरू व्हायला महिना उरला होता आणि दुसरं लांबचं घर तोवर गेलं होतं. सासूबाईंना कोनला दिरांकडे सोडून आम्ही रुवीलाच राहायला गेलो. पहिल्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरातून बाहेर येते तर राजू पालथी बादली ठेवून त्यावर उभा, पोटानं कठड्यावर रेललेला, खालच्या गाड्या मोजतोय. नवीन कठडा होता. तसूभर हलला नाही. पोराला उचलून घेतलं आणि त्याच जागी बसून मी रडले.

त्याच रात्री मी ह्यांना मी गाळलेल्या वाक्याबद्दल सांगितलं. हे म्हणाले, "आता काय करायचं?" मी म्हटलं, "त्यांना आणायचं. जागा करू."

कायमचा व्हिसा मिळेना. दीड वर्ष खटपट केल्यावर एका महिन्याचा व्हिजिट व्हिसा मिळाला. मीच कोनला जाऊन त्यांना घेऊन आले. विमानात त्यांनी माझा हात सोडला नाही.

बिल्डिंगपाशी टॅक्सी थांबली. खरं सांगते, माझं सगळं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे होतं. काही ओळखतात का, थबकतात का... तर काही नाही. त्या भांबावल्यासारख्या इकडेतिकडे बघत होत्या. "आपलं घर कंचं?" त्यांनीच मला विचारलं. जिना कुठल्या बाजूला तेही कळेना. पहिल्यांदा आलेल्या माणसासारख्याच होत्या, अगदी शंभर टक्के.

तेवढ्यात गाड्यांच्या मागून करीमचाचा आला. हातातलं फडकं टाकून त्यानं सलाम केला आणि हसून म्हणाला, "आ गईं, अम्मा? इस बार फॅमिली के साथ?"

सासूबाईंनी पदर पुढे ओढला आणि माझ्या मागे सरकल्या. हळूच विचारलं, "ह्यो कोन गो?"

मी चाचाला बाजूला घेतलं. "चाचा, ठीक से देखो. पक्का यही थीं? कोई और तो नहीं?"

तो म्हातारा दुखावला. "बेटी, चाबी मैंने अपने हाथ से दी थी. इन्होंने अपने हाथ से लौटाई. मैं क्या अंधा हूँ?"

सासूबाई महिनाभर राहिल्या. संध्याकाळी गॅलरीत बसून नातवंडांना गोष्टी सांगायच्या. मग कोनला परतल्या आणि सात वर्षांनी तिथंच वारल्या. मधल्या काळात मी त्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, मी कुठं गेलेच नव्हते. आणि त्या खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. मी नाक्यावरच्या त्या डॉक्टरांना विचारलं, माझ्या जुन्या कॉलेजातल्या मानसशास्त्राच्या सरांना विचारलं. हे तर इंजिनिअरिंगचं डोकं लावून थकले. बाई माझ्या हातात होती, हे मी शपथेवर सांगते. चाचा म्हणतो, त्याच्या समोर होती. दोघांपैकी खोटं कुणीच बोलत नाही. यापुढे मला काही माहीत नाही.