राजा मागे का घेतला

गल्लीत तिला सगळे कवळीवाली बाई म्हणत. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देणाऱ्या एका कारखान्यात ती अठरा वर्षं कामाला होती. मेणात दात बसवायचे, वरचा-खालचा जबडा मिटून बघायचा, एक दाढ केसभर उंच राहिली तरी सगळं उकरून पुन्हा बसवायचं. कामावर बोलायची गरज नसे आणि घरी बोलायची सोय नसे. घरात थोरल्या दिरांचं राज्य होतं.

भाऊजींनी कॉलेजात असताना बुद्धिबळाचे दोन कप जिंकले होते. तेवढ्या भांडवलावर त्यांनी अख्खं घर धाकात ठेवलं. दर रविवारी पेपरात डावाच्या अखेरचं एक कोडं छापून यायचं. ते सोडवून भाऊजी उत्तर पोस्टानं पाठवत आणि अचूक उत्तरांच्या यादीतलं स्वतःचं नाव जेवताना सगळ्यांना वाचून दाखवत. नवी नवरी असताना तिनं एकदा पटावरचा घोडा उचलला होता. "ठेव तो. भातुकली नाही ही," ते म्हणाले होते. तिला खेळता येतं का, हे कुणीच विचारलं नाही. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांबरोबर ती सहा वर्षं खेळली होती. शेवटची दोन वर्षं वडील हरत होते.

एका रविवारचं कोडं अगदी पोरखेळ वाटावं असं होतं. पांढऱ्याचा राजा आणि दोन प्यादी, काळ्याचा राजा आणि एकच प्यादं. पांढऱ्यानं खेळून जिंकायचं. ताटं उचलता उचलता तिनं पट पाहून घेतला. सोमवारी आणि मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं कामाच्या टेबलावर दोन दाढा राजे म्हणून आणि तीन सुळे प्यादी म्हणून मांडले. सरळ पुढं गेलं की डाव हातातून निसटत होता. मंगळवारी सुट्टी संपता संपता तिला वाट दिसली आणि ती एकटीच हसली.

बुधवारी भाऊजी उत्तर लिहायला बसले. राजा पुढं, मग प्यादं पुढं, मग पुन्हा राजा पुढं. "संपला काळा!" ते म्हणाले.

"भाऊजी, तिथं बरोबरी होते," ती म्हणाली.

भाऊजींनी मान वर केली. "काय म्हणालीस?"

"काळ्या राजाला शह नाही आणि हलायला घरही नाही. डाव बरोबरीत सुटला."

"त्याचं प्यादं आहे ना हलायला!"

"कुठं हलेल? त्याच्या समोर आपलंच प्यादं बसलंय." तिनं हात पुढं केला. "राजा आधी तिरका मागं घ्यायचा, मग बाजूला, मग पुन्हा होता तिथंच. सगळं जसंच्या तसं, फक्त खेळायची पाळी काळ्याची. शेवटच्या ओळीत अडकलेल्या राजाला असा वळसा घेता येत नाही. मग तो हलला की मेला."

भाऊजींनी पट उलटा केला. एक प्यादं घरंगळत कपाटाखाली गेलं. "लोकांच्या बोळक्यात दात बसवणाऱ्या बाईनं मला शिकवायचं?" त्यांनी आपलंच उत्तर पाकिटात घातलं. जाऊबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तुला काय गरज होती गं तोंड घालायची?" नवरा पेपरात डोकं खुपसून बसला.

गुरुवारी तिनं स्वतःचं उत्तर स्वतःच्या नावानं पोस्टात टाकलं.

पुढच्या रविवारी भाऊजींनी पेपर उघडला, पाहिला, मिटला आणि उशीखाली घातला. ती चपला अडकवून कोपऱ्यावरून दुसरा पेपर घेऊन आली आणि सगळे जेवायला बसल्यावर तिनं तो उघडला. यादीत चारच नावं होती. त्यांतलं तिसरं तिचं होतं. खाली संपादकांची टीप होती: बहुतेकांनी घाई केली आणि बरोबरीत अडकले. तीही तिनं सावकाश, शब्दन्‌शब्द मोठ्यानं वाचून दाखवली.

"या घरात एक तर ही राहील, नाही तर मी," भाऊजी म्हणाले.

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. "दादाची माफी माग आणि विषय संपव."

"कशाची माफी? त्यांचं चुकलं याची?"

"मोठे आहेत ते!"

"तुम्हीही आता लहान नाही," ती म्हणाली. "तुमचं वय तर वाढलं, पण धीर कुठं वाढलाय?"

त्या महिन्यातच तिनं टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या पाहिल्या आणि ती तिथं राहायला गेली. नवरा तिच्यामागून आला, पण वर्षभर तिच्याशी फक्त कामापुरतं बोलला. जुन्या घरी बारशाला, आजारपणाला तो एकटाच जायचा. भाऊजींनी कोडी पाठवणं बंद केलं आणि तिच्यामुळे आपला खेळ सुटला असं ते येईल त्याला सांगत राहिले. हे तिच्या कानावर आलं, तेव्हा ती टेबलाशी बसून नव्या कोड्याचं उत्तर लिहीत होती.

"सुटला तर सुटला," ती म्हणाली. "मला काय त्याचं?" आणि सांगायला आलेल्या बाईला तिनं बस असंसुद्धा म्हटलं नाही.