ऊब विकणारे भाऊजी

बाळांनो, अकोल्यात उष्णता विकायला निघालेला माणूस आजवर एकच झाला, आणि तो आपल्या घराण्यात झाला. ज्या गावात मे महिन्यात नळाचं पाणी हाताला चटका देतं, जिथे माणसं दुपारी बाराला दारं लावून घेतात ती सहाला उघडतात, त्या गावात तुमच्या आजोबांचे मावसभाऊ, म्हणजे माझे मावसदीर, गरम करण्याचे दिवे विकतात. राहतात अमरावतीला, फिरतात दोन्ही जिल्हे. मी त्यांना भाऊजी म्हणते. तुम्ही फोटोत पाहिलं असेल: उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी थर्मामीटर.

हे दिवे साधे नव्हेत. लांब काचेची नळी, तिच्यात कार्बनच्या धाग्यांची वीण, आणि बटण दाबलं की ती नळी पळसाच्या फुलासारखी लालकेशरी होते. कारखान्यात पत्र्यावरचा रंग वाळवायला हे दिवे लागतात आणि कोंबडीच्या शेडमध्ये नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना पिसं फुटेपर्यंत ऊब द्यायला लागतात. त्यांना बल्ब म्हटलेलं भाऊजींना अजिबात खपत नाही. "वहिनी, बल्ब उजेड देते अन् थोडी ऊब सांडते. हा ऊब देते अन् थोडा उजेड सांडते. अन् हा हवा नाई तापवत, अंग तापवते. कोवळ्या उनासारखा." हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर दूधवाल्याला, डोळ्यांच्या डॉक्टरांना आणि एकदा चुकीचा नंबर लागलेल्या एका अनोळखी बाईंना फोनवर ऐकवलेलं आहे. त्या बाईंनी शेवटी एक दिवा मागवला.

स्वतःच्या मालावर इतका विश्वास असलेला विक्रेता मी पाहिला नाही. भाऊजींच्या घरी गुडघा दुखला की दिवा, पापड सादळले की दिवा, श्रावणात धोतर वाळलं नाही की दिवा. एका पावसाळ्यात त्यांनी माझ्या दिवाणखान्याच्या भिंतीची ओल घालवायला दिवा लावला. ओल गेली. तिच्याबरोबर तिथला रंगही गेला, आणि त्या जागी भारताच्या नकाशासारखा एक डाग उमटला. "श्रीलंका भी आली, वहिनी," म्हणाले. मी तिथे कॅलेंडर लावलं. प्रवासात दिवा ते लहान बाळाच्या दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेतात, कारण नळी नाजूक. धामणगावच्या एसटीत कंडक्टरने दुपट्यात डोकावून विचारलं, "हे काय हाय, काका?" भाऊजी गंभीरपणे म्हणाले, "तीनशे लेकराइची माय हाय." कंडक्टरने शेजारच्या माणसाला सरकून बसायला सांगितलं.

आणि हा माणूस अंड्याला हात लावत नाही. केक दिला तर आधी दोनदा वास घेतो. पंचांग सांगणाऱ्याचा नातू कोंबड्यांच्या शेडमध्ये उकिडवा बसतो, याचं त्यांच्या वकील असलेल्या थोरल्या भावाला फार दुःख. ते म्हणायचे, "आजानं माणसाइच्या पत्रिका पाहिल्या, तू पिल्लाइच्या पाहाय!" भाऊजी खरोखरच पाहतात. पिल्लं दिव्याखाली गठ्ठा करून चिवचिवली तर त्यांना थंडी वाजते आहे, लांब कडेला पळाली तर उकडतं आहे, आणि वर्तुळभर सारखी पसरून गप्प झाली तर सगळं ठीक आहे. एवढं एक शास्त्र त्यांना कळलं आणि ते त्यांनी साऱ्या मनुष्यजातीला लावलं. लग्नाच्या हॉलमध्ये शिरले की आधी दारात उभे राहून पाहुणे कसे पसरलेत ते बघतात. "नवरीकडचे सारे कडेला पांगले, वहिनी. काईतरी तापलं हाय." आणि खरंच, आतल्या खोलीत मानपानावरून भांडण चाललेलं असतं.

आता त्या दिवसाचं सांगते. जानेवारी होता, माझं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. तुम्हाला माझी शिस्त माहीत आहे. वाणाच्या वाट्या रांगेत, बोरं आणि हरभरे निवडून परातीत, सोफ्यावर धुतलेली आच्छादनं. सकाळी अकरा वाजता दारात एक गाडी थांबली. भाऊजी उतरले, आणि त्यांच्यामागून भोकं पाडलेले तीन मोठे खोके. खोके चिवचिवत होते.

हिवरखेडला वंदना नावाची एक शेतकऱ्याच्या घरातली सून आहे. तिने हट्टाने कोंबड्यांचं शेड बांधून घेतलं होतं आणि तिचा हा पहिलाच लॉट, एका दिवसाची तीनशे पिल्लं. सासऱ्यांनी सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं, "पयला लॉट मेला का मी शेडीत कुटार भरतो." म्हणजे गुरांचा भुसा. भाऊजींनी तिला शब्द दिला होता की एक पिल्लू मरणार नाही, म्हणून ते स्वतः अमरावतीहून पिल्लांबरोबर निघाले. वाटेत तिचा फोन आला की तिकडची विजेची डीपी जळाली आणि संध्याकाळपर्यंत वीज नाही. माझ्या दारात पुन्हा फोन वाजला तेव्हा मीही तिचा आवाज ऐकला. "काका, माह्या पिल्लाइचं कसं होईन जी?"

"तुही पिल्लं माह्या वहिनीच्या घरी हायेत, पोरी. तू चिंता नोको करू," भाऊजी म्हणाले. मला अजून कोणी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "भाऊजी, एवढं ऊन आहे, थंडी कुठे आहे?" त्यावर ते म्हणाले, "तुमाले नाई. एका दिवसाच्या पिल्लाले अकोल्याचा एप्रिल लागते." अर्ध्या तासात माझ्या दिवाणखान्यात एप्रिल झाला. सोफा अंगणात गेला. तारीखवार रचून ठेवलेले माझे इंग्रजी पेपर जमिनीवर अंथरले गेले. पिल्लं कोपऱ्यात चेंगरून मरतात म्हणून खोलीचे चारही कोपरे माझ्या जाडजूड शब्दकोशांनी आणि लोडांनी गोल करण्यात आले. पाहुण्यांसाठी काढलेल्या कपबश्यांतल्या बश्यांत गुळाचं पाणी आलं. वर दोन दिवे टांगले, आणि त्या लाल उजेडात तीनशे पिवळे गोळे पसरून गप्प झाले. तुमचे आजोबा पुस्तक घेऊन गच्चीवर निघून गेले.

चार वाजता बायका येऊ लागल्या. पहिल्या किंचाळल्या, नंतरच्यांनी मोबाइल काढले. गल्लीतल्या गुरुजींच्या पत्नी, वय ऐंशी, सोवळं कडक, उंबऱ्यावरच थांबल्या. "हळदीकुंकू हाय का कोंबडबाजार?" त्यांनी विचारलं. मी त्यांना अंगणातल्या सोफ्यावर बसवलं. मनात म्हटलं, आता वर्षभर गल्लीत हाच विषय.

पुढची चूक माझी. भाऊजींनी बजावलं होतं की दिवे चालू असताना दुसरं काही जड लावू नका. पण बायकांना मसाला दूध गरम द्यायचं म्हणून मी स्वयंपाकघरात विजेची शेगडी लावली. मीटरपाशी फट्‍ असा आवाज झाला, धूर आला, आणि दिवाणखान्यातला एप्रिल संपला. भाऊजींनी मीटर उघडून पाहिलं. "वायर जळाली, वहिनी. लाइनमनले आणतो," म्हणाले आणि माझी जुनी स्कूटर घेऊन गेले. जाताना चेहरा पांढरा होता. मी त्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

पाच मिनिटांत पिल्लं गठ्ठा करू लागली. एकावर एक चढत होती, खालची दबत होती, चिवचिवाट इतका वाढला की आम्हाला एकमेकींचं ऐकू येईना. मी दोन्ही हातांनी ढीग पसरत होते आणि तो पुन्हा जमत होता. मला सारखा तो फोनवरचा आवाज आठवत होता. आणि बावीस बायकांची सभा नुसती उभी होती.

इतक्यात गुरुजींच्या पत्नी उंबरा ओलांडून आत आल्या. "पाहून काय राहिल्या, व? लेकरं थंडीनं मरून राहिले अन् तुमी साड्याइची जरी सांभाळून राहिल्या! पदर घ्या पुढं!" आणि त्या स्वतः मांडी घालून बसल्या आणि दोन्ही हातांनी पदराची ओटी केली. "भर, सूनबाई."

मी त्यांच्या ओटीत पंधरा पिल्लं घातली. बाळांनो, संक्रांतीला मी आयुष्यभर बोरांनी आणि हरभऱ्यांनी ओट्या भरल्या. त्या दिवशी बावीस जणींच्या ओट्या पिल्लांनी भरल्या. ड्रेस घालून आलेल्या दोघींनी ओढण्या पुढे केल्या. एकीने सवयीने कुंकू लावलं ते पिल्लालाच लागलं. पैठणी, इरकल, सिल्क, सगळ्यांच्या पोटाशी माणसाची ऊब होती आणि ती पुरत होती. हळूहळू चिवचिवाट उतरला. खोली शांत झाली. कोणी हलेना. एकजण कुजबुजली, "माहे पाय मुंग्यानं भरले." गुरुजींच्या पत्नी म्हणाल्या, "भरू दे. बाळंतपणात काय हालत होती का तू?"

पाऊण तासाने भाऊजी लाइनमनला घेऊन आले आणि दारात खिळून उभे राहिले. बावीस बायका गोल करून, मान खाली घालून, आपापल्या ओटीकडे बघत बसलेल्या. सवयीने त्यांनी खिशातलं थर्मामीटर काढलं आणि तसंच परत ठेवून दिलं.

वीज आली, पिल्लं परत मोजून घेतली. दोनशे नव्व्याण्णव भरली. भाऊजींचा जीव पुन्हा वर. तीनशेवं गुरुजींच्या पत्नींच्या शालीत झोपलेलं सापडलं. "मी म्हटलं, झोपलं हाय तर झोपू द्याव," त्या म्हणाल्या आणि ते शालीतून काढायला त्यांनी बराच वेळ लावला. सहाला हिवरखेडची वीज आल्याचा फोन आला आणि गाडी निघाली.

भाऊजी तिथे तीन आठवडे राहिले. एकही पिल्लू गेलं नाही. मग दिवे घेऊन परतले. आठवड्याने माझ्याकडे आले, आणि चहा घेत असतानाच वंदनाचा फोन आला. आनंदाने तिचं बोलणं थांबत नव्हतं. सासरे म्हणे सकाळपासून शेडच्या दारात काठी घेऊन मांजर हाकलत बसतात, आणि कुटार ठेवायला त्यांनीच दुसरी जागा शोधली. "काका, आठ-पंधरा दिसानं येऊन पाहा जी. ओळखू नाई येणार."

"येतो, येतो," भाऊजी म्हणाले. मग विचारलं, "सकाळची थंडी पडते का व अजून तिकडं?"

"नाई जी. आता तर पडदे उघडेच ठेवतो."

"बरं, बरं."

फोन बंद झाला तरी तो त्यांनी जरा वेळ कानाशीच धरला होता. मी म्हटलं, "जाऊन या की भाऊजी. दोन तासांची तर वाट आहे. तिला किती बरं वाटेल."

"काय करू जाऊन, वहिनी?" ते म्हणाले. "पिसं आले त्याइले." आणि बशीत चहा ओतून तो निवेपर्यंत नुसते त्याच्याकडे पाहत बसले.