मामाजींच्या फटफटीसाठी तीन कड्या

माझे सासरे आमच्या घरी राहायला तयार झाले, ते मोटरसायकलच्या भरवशावर. माझ्या भरवशावर ते आधी कित्येक वर्षं तयार झाले नव्हते.

मामाजी एकोडीला एकटेच राहायचे. ग्रामसेवकाची सगळी नोकरी त्यांनी एका फटफटीवर केली, आणि सासूबाई गेल्यावर त्यांच्याशी दोन शब्द बोलायला घरात तीच उरली होती. या पावसाळ्यात ते मोरीत घसरून पडले आणि शेजारी येईपर्यंत तसेच पडून राहिले. तेव्हापासून माझ्या बायकोच्या, वंदनाच्या, जिवाला घोर लागला होता. त्यांनी फोन उचलायला जरा उशीर केला की हिच्या हातातलं भांडं हातातच राहायचं. हात थरथरतो म्हणून डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी घातली होती, तरी ते रोज सकाळी ती पुसायचे, चालू करायचे, तिचा आवाज ऐकायचे आणि बंद करायचे. भंडाऱ्याला चला म्हटलं की विषय धानावर न्यायचे. शेवटी धान कापून झालं आणि मामाजी कबूल झाले.

"येतो. पन माझी गाडी संगं येईन," त्यांनी फोनवर वंदनाला बजावलं. "अन् तिले वरखडा जरी आला, त मी आल्या पावली एकोडीले वापस. मंग मले दुसऱ्यांदा बोलावजो नको."

"मामाजी, गाडीची जबाबदारी माझी!" मी मधेच फोनजवळ तोंड नेऊन ओरडलो. (मला कोणी काही विचारलं नव्हतं.) उतू जाणाऱ्या दुधाकडे पाहावं तसं वंदनानं माझ्याकडे पाहिलं.

मला स्वतःला गिअरची गाडी येत नाही. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि बिनगिअरच्या स्कूटरवर जातो. त्यामुळे फटफटी आणायची तर ती माझ्या धाकट्या भावाच्या, दिलीपच्या, पिकअपमध्ये. दिलीप त्या पिकअपवर भाजीपाला आणि धानाचे कट्टे वाहतो.

"दोर टाकू अन् बाजूच्या दांड्याले बांधू, भाऊ. कायले एवढं डोकं लावून राहिला?" दिलीप म्हणाला.

पण मी मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ पाहिले होते. तिकडे पिकअपच्या हौद्यात, म्हणजे मागच्या माल ठेवायच्या भागात, तळालाच भक्कम कड्या बसवलेल्या असतात. त्या कड्यांना पट्टे ओढून बांधले की मोटरसायकल हलत नाही, डुलत नाही! मी लगेच नकाशा काढला. रंगीत! दोन कड्या पुढे केबिनजवळ, एक मागे मधोमध. नकाशातली मोटरसायकल थोडी बकरीसारखी आली होती, पण कड्या अचूक होत्या. एकच झालं, पिकअप मी वरून काढली होती. तिच्या पोटाखाली काय असतं ते चित्रात नव्हतं, आणि माझ्या डोक्यातही नव्हतं.

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन मी कडीवाले बोल्ट मागितले आणि सांगितलं, "सगळ्यात लांब असतील ते द्या."

"कायसाठी पाहिजे?"

"सासऱ्यांसाठी."

दुकानदारानं पुढे काही विचारलं नाही. चांगले हातभर लांब बोल्ट काढून दिले.

रविवारी दिलीप कोणाच्या तरी साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, गेला आणि पिकअप माझ्या ताब्यात आली. मी ड्रिल मशीन मागून आणलं आणि कामाला लागलो. भोकं पाडताना जो आवाज झाला त्यानं गल्लीतली कुत्री रस्त्याच्या पलीकडे राहायला गेली. वंदना चहा घेऊन आली.

"अवो, आयका ना. मी काय म्हंतो, गाडी आनाचीच हाये त..."

"आता नको! नट फिरतोय!"

थोड्या वेळानं ती पुन्हा आली. मी पुन्हा हात वर केला. तिसऱ्यांदा तिनं कप ठेवला आणि काही न बोलता निघून गेली. मला वाटलं, माझी एकाग्रता पाहून भारावली असेल.

पुढच्या दोन कड्या नीट बसल्या. मागच्या कडीसाठी अंधार पडल्यावर गाडीखाली उताणा सरकलो, टॉर्च दातात धरला, तर काय! वरून आलेला बोल्ट थेट एका मोठ्या, गोल, लोखंडी ताटातल्या भोकातून खाली आला होता. आयतं भोक! मी कंपनीच्या इंजिनिअरला मनोमन नमस्कार केला. कोणीतरी इथे कडी बसवणार हे ओळखून त्या माणसानं आधीच एवढं मजबूत ताट लावून ठेवलं होतं! मी खालून जाड पट्टी लावली, नट आवळला, आणि प्रवासात सैल पडू नये म्हणून बोल्टचं टोक हातोड्यानं ठोकून पार चपटं केलं. आता तो नट या जन्मी निघणार नव्हता. या गोष्टीचा मला फार आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली आणि आम्ही एकोडीला पोचलो. चार शेजाऱ्यांनी फटफटी उचलून हौद्यात चढवली. मी पुढच्या दोन कड्यांना हँडल बांधलं, मागच्या कडीला मागचं चाक बांधलं आणि गाठीवर गाठ मारली. मामाजींनी गाडी हलवून पाहिली. ती हलली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि "हंऽ" केलं. सासऱ्याकडून पंचवीस वर्षांत मिळालेला हा पहिला हुंकार! मी गहिवरलो.

केबिनमध्ये दिलीप, मामाजी आणि वंदना बसले. मी मागे, फटफटीच्या सेवेत. मामाजींनी पुढचा रस्ता एकदाही पाहिला नाही. ते मान वळवून मागच्या काचेतून गाडीच पाहत होते. खड्डा आला की काचेवर थाप पडायची.

"हळू चालव ना रे! हालली ते!"

"नाही हलली, मामाजी!" मी मागून ओरडायचो.

दिलीपनं वेग इतका कमी केला, की शाळेतून सायकलवर परतणाऱ्या मुली घंटी वाजवून आमच्या पुढे गेल्या. त्यातल्या एकीनं मला टाटा केला. मी करू शकलो नाही, माझे दोन्ही हात सीटवर होते. प्रत्येक खड्ड्याला मी सीट आणखी घट्ट धरायचो. फटफटी पडली तर मोडेल एवढंच नव्हतं, म्हातारा परत त्या रिकाम्या घरात जाईल आणि वंदनाचा फोन पुन्हा वाजतच राहील, हे मला कळत होतं.

तलावाच्या पाळीखालून, म्हणजे मातीच्या बांधाखालून, रस्ता जातो तिथे फाट्कन आवाज आला. पिकअपचं मागचं डावं चाक बसलं, हौदा डावीकडे कलला आणि त्याच्याबरोबर फटफटी कलली. फटफटीबरोबर मी! दोर ताणले गेले, करकरले. वंदना केबिनमधून किंचाळली. मी डोळे मिटले.

काही झालं नाही. डोळे उघडले तर फटफटी तिरकी उभी, पण कड्या जागच्या जागी.

"पाहिलं?" मी वरूनच गरजलो. "कडी हलली का? सांगा, हलली का?"

मामाजी खाली उतरले. गाडीभोवती एक फेरी मारली. बसलेल्या चाकाकडे बोट दाखवलं. माझी गर्जना आपोआप उतरली.

"पाच मिनिटांचं काम हाये," दिलीप म्हणाला. "स्टेपनी लावतो अन् निंगू."

तो गाडीखाली गेला. हँडल फिरवल्याचा आवाज आला. स्टेपनी टांगायची साखळी खळखळत सैल झाली आणि जमिनीला टेकली. स्टेपनी मात्र टेकली नाही. कशाचाही आधार दिसत नसताना ती वरच राहिली. दिलीपनं तिला ओढलं, लाथ मारली, तिला लोंबकळून पाहिलं. मग खालून त्याचा फार शांत आवाज आला.

"भाऊ, जरा खाली ये त."

मी वाकून पाहिलं. माझं लोखंडी ताट! दिवसाउजेडी त्याच्याभोवती टायर दिसत होता.

"स्टेपनीतून बोल्ट काहून टाकला?"

"मजबुतीसाठी," मी म्हणालो.

"अन् हे टोक कोनं ठोकलं?"

दिलीपनं मोठा पाना लावला. पाना घसरला आणि त्याच्या बोटाचं साल निघालं. पुढचं दिलीप जे बोलला ते मोठ्या भावाला बोलायचं नसतं.

मामाजींनी सगळं ऐकलं. केबिनमधून आपली पिशवी काढली, खांद्याला लावली.

"घर जवळच हाये, वंदे. मी जातो पायीच. चार लोकं पाठवतो, ते माझी गाडी आनतीन."

"बाबा, असं नका करू ना," वंदना म्हणाली. तिचा आवाज फाटला होता.

"मी नाही म्हनलं होतं का? माझं तिथंच बरं हाये." आणि ते खरंच चालायला लागले. पाठ थोडी वाकलेली, पाय जपून टाकत, एकोडीच्या दिशेनं.

मी त्यांच्या मागे धावलो. "मामाजी, चूक माझी आहे! तुम्ही मला बोला, पण परत नका जाऊ!" त्यांनी हात मागे करून मला झटकलं. मला रडू यायचं बाकी होतं. वंदनाकडे पाहायची माझी हिंमत नव्हती.

तेवढ्यात तिचा आवाज आला, आणि तो रडका नव्हता.

"भाऊजी, गाडी मागं घ्या. हौदा पाळीले लावा."

दिलीपनं बसलेल्या चाकावरच पिकअप रेटत मागे घेतली. हौद्याचा तळ आणि तलावाची पाळ एका पातळीत आली. आता माझ्या गाठी! त्या मलाच सुटेनात. शेवटी बाजूच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पेंढ्या बांधणाऱ्या बाईकडून विळा आणला आणि दोर कापले. तिघांनी फटफटी ढकलून पाळीवर घेतली आणि पाळीच्या उतारावरून जपून रस्त्यावर आणली. आता बायको फटफटी हातानं ढकलत एकोडीला नेते की काय, असं माझ्या मनात येतं तोच वंदनानं पदर कमरेला खोचला, टांग टाकली, आणि एका किकमध्ये फटफटी चालू केली!

रस्त्यावर दूर गेलेले मामाजी जागीच थांबले. वळले.

"चोक नको देजो!" ते तिथूनच ओरडले. आणि पिशवी सावरत, मघापेक्षा दुप्पट वेगानं परत आले!

"तुला... गाडी येते?" मी विचारलं.

"लग्नाच्या आंधीपासून."

"येते म्हंजे?" मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. "तहसिलात मीटिंग राहे तवा हेच मले साकोलीले सोडून देत होती. माझ्यापरीस बरी चालवते. या गाडीवर दुसऱ्या कोनाले मी बसू नाही देत."

"अगं मग सांगितलं का नाहीस?"

"तीनदा आली होती चाय घेऊन. तुमी म्हनलं, नट फिरून राहिला."

मी आशेनं मामाजींकडे वळलो. "आणि तुम्ही?"

"मले वाटलं तुमाले हौस हाये," मामाजी म्हणाले. "जवाईबापूची हौस कायले मोडाची?"

वंदनानं पर्समधून लायसन काढून पाहिलं (तिच्या पर्समध्ये काय काय असतं ते मी पुन्हा कधी विचारणार नाही), फटफटीला अडकवलेलं मामाजींचं हेल्मेट डोक्यावर घातलं आणि त्यांच्या डोक्यावर पिकअपच्या केबिनमधलं दिलीपचं ठेवलं. मामाजी मागे बसले. थरथरता हात लेकीच्या खांद्यावर टेकला आणि तिथे थरथरायचा थांबला. फटफटी भंडाऱ्याच्या दिशेनं गेली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मला बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं.

दिलीप बसलेलं चाक काढून एका ट्रॅक्टरवरून साकोलीला पंक्चर काढायला गेला. मी राखणीला. येणारा जाणारा थांबून विचारायचा.

"काय झालं जी?"

"पंक्चर आहे. स्टेपनी नाही."

"हे काय, खाली हाये ना!"

हे मी किती जणांना समजावून सांगितलं ते विचारू नका. एकानं तर स्वतः खाली जाऊन ओढून पाहिली आणि कपडे झटकत, माझ्याकडे कीव करून बघत निघून गेला.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. फटफटी अंगणात पुसून उभी होती, तिच्यावर एक वरखडा नव्हता. मामाजी माझ्या खुर्चीत बसून माझ्या कपातून चहा पीत होते. माझ्या शर्टाला ग्रीस, पँट गुडघ्यावर फाटलेली, केसांत गवत. मी दारातच उभा राहिलो आणि भीतभीत विचारलं, "मामाजी, राहता ना?"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"खरं सांगू का जवाईबापू, दोन-चार दिवस पाहाचं अन् वापस जाचं, असंच मनात ठरवून निंगालो होतो. पन आता जाता येत नाही."

मी दोन पावलं पुढे आलो. "का हो, मामाजी?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं, तिथे वंदना गुणगुणत पोळ्या लाटत होती. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरगी एकटी कुठं कुठं ध्यान देईन? तुमच्यावर नजर ठेवाले घरात कोनी मोठं मानूस पाहिजे ना!"