केळी कोणी पिकवली

लेकीच्या सासरी, धुळ्याला, मी केळीची करंडी पाठवली होती. ती जशीच्या तशी परत आली. वर व्याह्यांचा निरोप : 'आम्ही पावडरची केळी खात नाही.' ती करंडी अजून माझ्या डोक्यातून उतरलेली नाही.

यावलच्या मळ्यांतून डोक्यावर घड वाहून मी ट्रक भरले आहेत. त्यातून पुढे असोद्याच्या रस्त्याला स्वतःचं रायपनिंग चेंबर उभं केलं. कच्ची केळी थंड खोलीत ठेवायची, बेतानं गॅस सोडायचा, की ती पिवळी होतात. कार्बाइडची ती पावडर माझ्या आवारातही येत नाही. पण फोनवर ओरडून कोणाला पटतं? मधल्या मधे लेकीला टोमणे.

म्हणून जळगावात सगळ्यांसाठी विज्ञान महोत्सव भरतोय हे कळल्यावर मीच आयोजकांना फोन केला. म्हटलं, "मी केळी पिकवतो. एक टेबल द्या." त्यांनी लगेच दिलं. व्याह्यांना मी आग्रहाचं बोलावणं धाडलं.

सकाळी जाऊन पाहतो तर माझं टेबल मंडपाबाहेर, 'भेटा शेतकऱ्याला' अशा फलकाखाली. शेजारी सजवलेली बैलगाडी, आणि टेबलावर माझ्यासाठी फेटा.

मी आयोजक बाईंना गाठलं.

"तुम्हीच म्हणालात ना, केळी पिकवतो?"

"पिकवतो म्हणजे लावत नाही हो! कच्ची पिकी करतो!"

"मग तसं सांगायचं ना."

दोन्हीला शब्द एकच, तो काय मी केला? माझा आवाज चढला. दुर्बिणीच्या रांगेतले लोक सकाळचा फिकट चंद्र सोडून माझ्याकडे बघायला लागले. आत जागा नाही, म्हणाल्या. मग मी सौद्यावर आलो. मधली जागा मागितली, ती मिळणार नव्हतीच. मग दाराजवळची. शेवटी पाण्याच्या जारांशेजारी अर्धं टेबल पदरात पडलं, आणि त्या बदल्यात स्वयंसेवकांना केळी माझ्याकडून. फेटा मी बाईंच्या हातात ठेवला.

टेबलावर माझे दोन काचेचे डबे होते, आधीच बंद करून ठेवलेले. एकात नुसती कच्ची केळी, ती हिरवीच. दुसऱ्यात तशाच केळ्यांमध्ये एक पिकं ठेवलेलं, ती सगळी पिवळी झालेली. पिकणारं फळ स्वतःच गॅस सोडतं आणि शेजारच्याला पिकवतं. माझ्या खोलीत तोच गॅस. पण लोक यायचे आणि ग्लास कुठे आहेत ते विचारायचे. माझं लक्ष दाराकडे. बसवेना, उभं राहवेना.

दुपारी व्याही आले. हात मागे बांधून दोन्ही डबे न्याहाळले.

"भाऊ, गॅस तो गॅसच शे ना?"

"नाना, तो फळाचाच आहे. घरी आंबे आढीत घालता, तेव्हा कोण सोडतं?"

"बठ्ठा व्यापारी असंच सांगतस."

सगळ्या व्यापाऱ्यांत त्यांनी मलाही धरलं, माझी कानशिलं तापली. विहीणबाई हळूच म्हणाल्या, "आमची आईबी कच्च्यात एक पिकं ठेवायची." व्याह्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी पिकं केळं पुढे धरलं. त्यांनी घेतलं नाही.

"मग असं करा," मी म्हटलं, "हिरवी फणी न्या. एक पिकं तुमच्या बाजारातून घ्या. तुमचा डबा, तुमचं घर. मी धुळ्यात पाऊलही ठेवत नाही."

हे त्यांना पटलं. फणी उलटीसुलटी करून बघितली आणि पिशवीत टाकली.

त्यानंतर माझं कशात लक्ष लागेना. चेंबरमध्ये उगाच शिरायचो, हमालांवर खेकसायचो. लेकीला फोन केला की ती म्हणायची, "पप्पा, डबा उघडू देत नाहीत ते."

एका सकाळी तिचाच फोन आला. "पिवळी झाली! सगळ्यांनी खाल्ली. नाना तर गल्लीत वाटून आले."

जीव भांड्यात पडला. "काय म्हणाले वाटताना?"

ती हसू दाबत होती. "म्हणाले, 'खा, मी पिकाडेल शेतस!'"

"त्यांनी पिकवलेली? आणि माझं नाव?"

"ते नाही घेतलं."

मी फोन ठेवला. हमालाला हाक मारून ती परत आलेली करंडी काढायला लावली आणि भरली. या वेळी हिरवं एकही नाही, सगळी माझ्या खोलीतली पिवळी. धुळ्याच्या गाडीत स्वतः नेऊन ठेवली.